सफारी गाइड नेमकं काय काम करतो?

'सफारी' हा स्वाहिली शब्द. तो आणि आपला 'सफर', दोन्ही मूळचे अरबीतले. सफारी गाइड म्हटलं की आफ्रिका आठवते, पण ताडोबातही हेच काम जंगलालगतच्या गावांतले तरुण-तरुणी करतात.

गाइड वाघ नुसत्या डोळ्यांनी शोधत नाही, कानांनीही शोधतो. चितळाचा कॉल, वानरांचं ओरडणं आणि धुळीतले ताजे पगमार्क यांवरून वाघ कुठल्या दिशेला आहे, याचा अंदाज तो बांधतो.

खरी कसोटी मात्र वाघ दिसल्यावर लागते. पर्यटकांना जवळून फोटो हवा असतो. गाइडला अंतर राखायचं असतं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला. वनविभागाने चालकांसोबत गाइडनाही निलंबित केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली.

म्हणजे पर्यटकांच्या हट्टापायी नियम मोडला, तर गाइडची रोजीरोटी जाऊ शकते. त्यामुळे 'आता पुढे नको' असं गाइड म्हणाला, तर त्याचं ऐकावं. तेच त्याचं काम आहे.