राजी: डोळ्यांना मेजवानी, हातांना कंटाळा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आमच्या पिढीचा आणि व्हिडिओ गेमचा संबंध म्हणजे ‘आता पुरे, डोळे जातील’ असं नातवंडांना ओरडण्यापुरताच! पण ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ या गेमचा इतिहास लिहून ठेवावासा वाटतो, कारण तो आपल्या पुण्यात तयार झाला.

‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही पुण्यातली छोटी कंपनी. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकनही मिळालं.

गोष्ट साधी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात, राजीचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ही सर्कशीतली पोर त्याला शोधायला निघते. राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, पहाडी चित्रांचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा... बघत राहावं असं!

पण खेळायला घेतलं की गाडी अडते. थोडं चालायचं, वाट बंद होते, असुरांच्या झुंडी येतात, त्यांना मारायचं, वाट उघडते. पुन्हा तेच. मध्ये चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी, तीही सोपी. देशोदेशीच्या समीक्षकांनी चित्रांचं कौतुक केलं आणि लढाईला रटाळ म्हटलं. शेवटही अचानक येतो अशी तक्रार झाली.

पुनरावृत्ती म्हणजे कंटाळाच, असं मात्र नाही. आमच्या डहाणू-तलासरीकडची वारली चित्रं बघा. दोन त्रिकोणांचा माणूस, सगळीकडे तोच. पण एक ताडावर चढतोय, एक मासे धरतोय, एक भात कांडतेय. आकृती एकच, काम प्रत्येकाला वेगळं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच दोन त्रिकोणांच्या जोरावर. राजीत उलट झालं. दर वळणावर देखावा नवा, हाताला काम जुनंच.

‘आपल्या मुलांनी केलं ना, मग नावं कशाला ठेवायची?’ असं कुणी म्हणेल. चाळीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्याला ते पटणार नाही. सुंदर अक्षराला शाबासकी द्यायची, पण गणित चुकलं तर तेही सांगायचं. नाहीतर पुढच्या वर्षी तेच चुकतं. इथे सांगितल्याचा उपयोगही झाला. २०२२ साली सुधारित आवृत्ती आली, लढाईत दुरुस्त्या झाल्या, हिंदी संवादही आले.

मराठी संवाद असते तर आजीआजोबांनाही शेजारी बसून गोष्ट ऐकता आली असती. असो. तुमच्या घरी कुणी राजी खेळलं असेल, तर शेवटपर्यंत टिकलं का, ते जरूर कळवा.