पास्काची घंटा आणि ग्लोरियाचे स्तोत्र

ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगी आपल्या देवळाची बांधणी व पूज्य धर्मगुरूंची कामगिरी ह्यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, व ते योग्यच होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अगदी लहान आहे. वेदीच्या पायरीवर ठेवलेली हातघंटा, हाच तो विषय.

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरियाचे स्तोत्र सुरू झाले की ही हातघंटा व मनोऱ्यावरील मोठी घंटा वाजतात. आणि मग पास्काच्या रात्री तेच स्तोत्र पुन्हा आरंभले जाईपर्यंत दोघी मुक्या राहतात. मधल्या दिवसांत घंटेचे काम लाकडी फळीच्या खटखटाटावर भागवण्याचा रिवाज फार जुना आहे. नवव्या शतकातील मेत्झचे अमालारियुस ह्यांनी त्याचा अर्थ असा लावला की, काशाच्या नादाहून लाकडाचा आवाज नम्र, म्हणून प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांस तोच शोभतो. फ्रान्स देशातील मुलांस मात्र असे सांगतात की, घंटा उडून रोमला गेल्या आहेत व पास्काला अंडी घेऊन परत येतील. मुलांची समजूत घालण्यास अमालारियुसपेक्षा ही गोष्ट बरी!

हा विधी आज रात्री होतो. पूर्वी तसे नव्हते. पोप पाचवे पायस ह्यांनी १५६६ साली दुपारनंतर मिस्सा अर्पण करण्यास मनाई केली, त्यानंतर पास्काचे जागरण पवित्र शनिवारी सकाळीच होण्याची पद्धत पक्की झाली. धर्मगुरू पास्काची मोठी मेणबत्ती पेटवून त्या पवित्र रात्रीचे गुणगान गात, आणि खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत असे. पोप बारावे पायस ह्यांनी १९५१ साली रात्रीच्या विधीस प्रथम तात्पुरती परवानगी दिली, व १९५६ पासून तोच सर्वत्र नियम झाला.

वेळेपेक्षाही मोठा फरक भाषेचा होता. सर्व विधी लॅटिन भाषेत चाले. भातशेतीवर राबून आलेल्या आपल्या पूर्वजांना गायकवृंदाच्या मुखातील शब्द कळत नसत. परंतु घंटा कळे. ती वाजली की प्रभू उठला, एवढे वृद्धांपासून लेकरांपर्यंत सर्वांस उमजे. घंटानादात ग्लोरियाचे शब्द बुडून गेले तरी त्यांची काही हानी होत नसे.

आपल्या भाषेत भक्तिगान नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच्या ओव्या भाविक मोठ्या आवडीने गात. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई सर केल्यावर येथील कित्येक घंटा उतरवून नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर पोर्तुगीज अक्षरे व १७२१ हे साल आहे, आणि ती वसईचीच असे परंपरा सांगते. मनोरे रिकामे झाले. कंठातील ओवी उतरवून नेणे कोणास शक्य नव्हते.

पुढे १९०३ साली पोप दहावे पायस ह्यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञा काढली. तीत पियानो, ढोल, झांजा ह्यांबरोबर वाद्य म्हणून वाजविल्या जाणाऱ्या लहान घंटांसही देवळात मनाई होती. खुणेची घंटा मात्र वेदीपाशी राहिली. हा भेद मला फार मार्मिक वाटतो: घंटेने हाक मारावी, गाणे माणसाने गावे.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेस उपासनेत वाव दिला, आणि त्यानंतर ग्लोरिया मराठीत आले. आता ते शब्द आपले आहेत, आणि म्हणूनच एक तक्रार करावीशी वाटते. पास्काच्या रात्री उत्साहाच्या भरात वेदीसेवक स्तोत्र संपेपर्यंत घंटा हलवीत राहतो, मनोऱ्यावरची घंटाही थांबत नाही, आणि ज्या शब्दांसाठी आपल्या लोकांनी शतकानुशतके वाट पाहिली तेच ऐकू येत नाहीत. पहिल्या ओळीला घंटा मनसोक्त वाजवावी. दुसरी ओळ सुरू झाली की हातघंटा पायरीवर ठेवावी, आणि त्या मुलानेही सर्वांबरोबर गावे.