कमी जोखमीचा शारीरिक संपर्क आणि लैंगिक संसर्ग

ज्या जवळिकीत लैंगिक संसर्गजन्य आजार होण्याची शक्यता नगण्य किंवा अत्यल्प असते, तिला कमी जोखमीचा शारीरिक संपर्क म्हणतात. आलिंगन, चुंबन, कपड्यांवरून होणारा स्पर्श, हस्तस्पर्श व परस्पर हस्तमैथुन यांचा यात समावेश होतो. मुखमैथुनाची जोखीम आजारानुसार बदलते, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे केला जातो. 'कमी जोखीम' हे वर्णन सर्व आजारांना सारखे लागू होत नाही. एचआयव्हीच्या दृष्टीने निर्धोक असलेला संपर्क हर्पिस, उपदंश (गरमी) किंवा खरूज यांच्या दृष्टीने तसा असेलच असे नाही.

या लेखात अशा संपर्काची जोखीम, तपासणीचे कालावधी, महाराष्ट्रातील संशोधन आणि पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात उपलब्ध सेवा यांची माहिती दिली आहे.

संसर्गाचे मार्ग

लैंगिक संसर्गाचे जंतू मुख्यतः दोन मार्गांनी पसरतात.

शरीरातील द्रवांमार्फत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया हे आजार या गटात येतात. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि मातेचे दूध यांतून पसरतो. संसर्ग होण्यासाठी हा द्रव दुसऱ्या व्यक्तीच्या श्लेष्मल त्वचेपर्यंत, उघड्या जखमेपर्यंत किंवा थेट रक्तापर्यंत पोहोचावा लागतो. लाळ, घाम, अश्रू व मूत्र यांतून एचआयव्ही पसरत नाही.

त्वचेच्या थेट संपर्कातून: हर्पिस, मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही), उपदंश, मोलस्कम, खरूज व जननेंद्रियावरील केसांतील उवा यांचा प्रसार त्वचेला त्वचा लागल्याने होऊ शकतो. त्यासाठी संभोग होणे आवश्यक नसते. निरोधमुळे ही जोखीम कमी होते, मात्र निरोधने न झाकलेल्या भागातून संसर्गाची शक्यता उरते.

संपर्काच्या प्रकारानुसार जोखीम

आलिंगन, हस्तांदोलन, कपड्यांवरून स्पर्श: एचआयव्ही, उपदंश किंवा परमा यांची व्यवहारात जोखीम नसते. दीर्घकाळ त्वचेला त्वचा लागून राहिल्यास खरूज होऊ शकते.

चुंबन: एचआयव्हीची जोखीम नसते. दोघांच्याही तोंडातून रक्त येत असताना झालेले खोल चुंबन हा अत्यंत दुर्मीळ अपवाद आहे. ओठांवरील हर्पिस चुंबनातून सहज पसरतो. तोंडात उपदंशाचा व्रण असल्यास उपदंशही होऊ शकतो.

परस्पर हस्तमैथुन: अखंड त्वचेवर वीर्य किंवा योनिस्राव लागल्याने एचआयव्ही होत नाही. एचपीव्ही व हर्पिस यांची थोडी शक्यता राहते.

जननेंद्रियांचा प्रवेशाविना स्पर्श: एचआयव्हीची जोखीम अत्यल्प असते. एचपीव्ही, हर्पिस व उपदंश यांची जोखीम मात्र खरी असते.

मुखमैथुन: एचआयव्हीची जोखीम फार कमी असते. परमा, उपदंश, हर्पिस व क्लॅमिडिया यांचा प्रसार होऊ शकतो. घशातील परम्याची बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत.

तुलनेसाठी, एचआयव्हीबाधित व उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाविना झालेल्या योनिसंभोगात स्त्रीला दर १०,००० संबंधांमागे सुमारे ८, तर पुरुषाला सुमारे ४ वेळा संसर्ग होतो असा अंदाज आहे. गुदसंभोगात ग्रहण करणाऱ्या जोडीदारासाठी हे प्रमाण सुमारे १३८ आहे. या सरासऱ्या आहेत. जोडीदाराच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण जास्त असल्यास किंवा जननेंद्रियावर व्रण असल्यास जोखीम वाढते.

शौचालयाचे आसन, जलतरण तलाव, एकत्र जेवण आणि डासांचा चावा यांतून एचआयव्ही होत नाही. वस्तरा सामायिक वापरणे मात्र टाळावे, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो.

पुणे व महाराष्ट्रातील संशोधन

भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली स्थापन झाली. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ पासून आलेल्या महिलांचा अभ्यास रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ महिलांपैकी १३.६ टक्के महिलांना एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे आढळले. यांपैकी बहुतेक महिलांचे पतीखेरीज अन्य कोणाशीही लैंगिक संबंध नव्हते. ही आकडेवारी आजाराची शंका घेऊन दवाखान्यात आलेल्या महिलांची असल्यामुळे ती सर्वसाधारण लोकसंख्येला लागू पडत नाही. तरीही आपण कोणताही धोका पत्करत नाही असे मानणाऱ्या व्यक्तीची जोखीम जोडीदाराच्या आरोग्यावर अवलंबून असते, ही बाब या अभ्यासाने पुढे आणली. परक्याच्या ओझरत्या स्पर्शाची भीती आणि विवाहातील विनातपासणी संबंधांविषयीची निश्चिंती यांतील विसंगतीही त्यातून दिसते.

पुण्याचा सहभाग असलेल्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले. लवकर औषधोपचार सुरू केल्यास बाधित व्यक्तीकडून जोडीदाराला होणारा प्रसार ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी झाल्यास लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही, हे पुढील अभ्यासांनी सिद्ध केले.

तत्कालीन उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे व त्यानंतरच्या उपचारांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली.

तपासणीचा काळ

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंतच्या काळास गवाक्ष काळ (विंडो पिरियड) म्हणतात. या काळातील निगेटिव्ह अहवाल अंतिम मानता येत नाही. प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीसाठी हा काळ सुमारे ४५ दिवसांचा, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या जलद चाचणीसाठी ९० दिवसांपर्यंत असतो.

उपदंशाचा पहिला व्रण संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी २१ दिवसांनी उठतो. तो बहुधा वेदनारहित असतो आणि उपचाराविनाही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. व्रण भरला तरी आजार शरीरात राहतो व पुढील अवस्थांकडे सरकतो. सुरुवातीच्या अवस्थेतील उपदंश बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका मात्रेने बरा होऊ शकतो.

एचआयव्हीचा खरा धोका असलेला संपर्क घडल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. चुंबन, आलिंगन किंवा हस्तस्पर्श यांनंतर या औषधांची गरज नसते.

अवास्तव भीती आणि चाचणी

जोखीम नसलेल्या प्रसंगानंतर काही व्यक्ती तीव्र चिंतेमुळे पुन्हापुन्हा चाचणी करतात. थकवा, घशाची खवखव किंवा पुरळ ही लक्षणे अनेक साध्या आजारांतही दिसत असल्याने त्यांवरून एचआयव्हीचे निदान करता येत नाही. गवाक्ष काळ संपल्यानंतरची निगेटिव्ह चाचणी विश्वसनीय मानली जाते. त्यानंतरही भीती कायम राहिल्यास समुपदेशनाचा किंवा मानसोपचाराचा उपयोग होतो. भारतातील शासकीय कार्यक्रमात एचआयव्ही पॉझिटिव्ह असे निदान एकाच चाचणीवर न करता वेगवेगळ्या तीन चाचण्यांच्या आधारे केले जाते.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सेवा

हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आहेत. त्यांच्या पूर्व भागातील मंचर, नारायणगाव व आळेफाटा ही गावे पुणे–नाशिक महामार्गावर आहेत, तर पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वस्त्या आहेत. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय, तर जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. डोंगराळ गावांतून रुग्णालयापर्यंतच्या प्रवासास लागणारा वेळ पाहता ७२ तासांची मर्यादा माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांमधून (आयसीटीसी) एचआयव्हीची चाचणी मोफत होते. महाराष्ट्रात हा कार्यक्रम महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत राबवला जातो. गर्भवतींची एचआयव्ही व उपदंशासाठी तपासणी केली जाते, कारण वेळेवर उपचार मिळाल्यास बाळाचा संसर्ग टाळता येतो. लैंगिक आजारांवरील उपचार 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मिळतात. तेथे लक्षणसमूहानुसार वेगवेगळ्या रंगांचे सात औषधसंच वापरले जातात. नॅकोची मोफत दूरध्वनी सेवा १०९७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

स्वतःच्याच तालुक्यातील केंद्रात चाचणी करावी असे बंधन नाही. लहान गावात ओळखीच्या व्यक्तीची गाठ पडेल या संकोचाने चाचणी लांबणीवर टाकण्यापेक्षा दुसऱ्या गावच्या केंद्रात जाणे शक्य असते.

कायदेशीर संरक्षण

'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७' हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एचआयव्ही चाचणीसाठी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे आणि अहवाल गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा व निवास यांत एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई केली आहे.

हे सुद्धा पाहा

एचआयव्ही
उपदंश
हिपॅटायटिस बी
गर्भाशयमुखाचा कर्करोग
निरोध
जुन्नर तालुका
आंबेगाव तालुका