मांजर, गरोदरपण आणि टॉक्सोप्लाझ्मा : एका भीतीचा इतिहास

घरात कुणी गरोदर असलं आणि मांजर दत्तक घ्यायचा विषय निघाला, की प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, बाळाला काही होणार नाही ना?" काही घरांत तर विचारायच्या आतच असलेली मांजर लांब नेऊन सोडलेली असते. रेस्क्यूमधल्या साध्या, आखूड केसांच्या गावठी मांजरीला घर मिळणं आधीच कठीण, त्यात ही भीती. म्हणून ती आली कुठून, ते सांगतो.

सुरुवातीला या गोष्टीत मांजर नव्हतीच. १९०८ साली ट्यूनिसमध्ये निकोल आणि मॉन्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात एक सूक्ष्म परजीवी सापडला. त्याचा आकार बाकदार, म्हणून धनुष्याच्या ग्रीक शब्दावरून नाव पडलं टॉक्सोप्लाझ्मा. (नाव ऐकून विष आठवतं, पण इथे अर्थ धनुष्याचाच.) १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तो आईकडून पोटातल्या बाळाला जातो आणि त्याच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो. भीतीला आधार आहे तो इथे, आणि तो खरा आहे.

१९४८ साली साबिन आणि फेल्डमन यांनी रक्ताची तपासणी शोधली. पोलिओच्या थेंबांचे साबिन ते हेच. तपासणी हाती आल्यावर कळलं, की कितीतरी धडधाकट माणसांना हा संसर्ग नकळत होऊन गेलेला असतो. पण कशातून? १९६५ साली पॅरिसजवळच्या एका क्षयरुग्णालयातल्या मुलांवरून उत्तर मिळालं : अर्धकच्चं मांस मिळू लागल्यावर त्यांच्यातला संसर्ग झपाट्याने वाढला होता. मात्र १९५९ साली मुंबईत केलेल्या तपासणीत शाकाहारी माणसांच्या रक्तातही याच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे दुसरीही वाट होती.

ती वाट मांजरीच्या विष्ठेतून जाते, हे ग्लासगोच्या हचिसन यांनी ओळखलं. १९७० च्या सुमारास त्यांनी आणि अमेरिकेत फ्रेंकेल व मूळचे भारतीय पशुवैद्यक जे. पी. दुबे यांनी विष्ठेतले ऊसिस्ट, म्हणजे परजीवीचे कवचबंद कण, दाखवून दिले. तेव्हापासून मांजर बदनाम झाली ती झालीच.

या शोधाचा उरलेला भाग मात्र लोकांपर्यंत पोचला नाही. मांजर हे कण साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे टाकते. ताजी विष्ठा संसर्ग करत नाही. कण तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. २००० साली युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्ग कच्च्या-अर्धकच्च्या मांसाशी आणि ६ ते १७ टक्के मातीशी जोडलेला निघाला. मांजरीच्या सहवासाशी संबंध आढळला नाही.

आपल्याकडे आणखी एक भर पडली आहे, टॉर्च टेस्टची. रिपोर्टमध्ये टॉक्सोचा आयजीजी पॉझिटिव्ह आला आणि आयजीएम निगेटिव्ह असला, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ जुना, होऊन गेलेला संसर्ग. प्रतिकारशक्ती ठीक असेल, तर अशा आईच्या बाळाला सहसा धोका नसतो. तरीही तो कागद दाखवून मांजर हाकलली जाते, याचा मला खरंच राग येतो.

तेव्हा गरोदर असाल आणि मांजर आणायची असेल, तर आणा. शक्यतो मोठी, घरात राहणारी मांजर घ्या, कारण हे कण बहुधा पिल्लं किंवा शिकार करणाऱ्या मांजरी टाकतात. तिला कच्चं मांस देऊ नका. वाळूचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावा. ते जमत नसेल तर हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. बागकामातही हातमोजे हवेत. मांस पूर्ण शिजवा, कोथिंबीर-काकडी नीट धुऊन खा.

चावलं किंवा ओरखडलं तर मात्र तो विषय वेगळा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदरपणातही ती लस घेता येते.