कायदा युरोपचा, अंमल आयर्लंडचा

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा जर्मनीतील हेसन राज्याने १९७० मध्ये केला. तेव्हापासून युरोपात उणीव भासली ती कायद्यांची नव्हे, अंमलाची. ती कशी उद्भवली, हे समजण्यास फेसबुकविरुद्धचे आयर्लंडमधील प्रकरण विशेष उद्बोधक आहे.

फेसबुकचे युरोपीय मुख्यालय डब्लिनला असल्याने त्या कंपनीवर देखरेख ठेवण्याचे काम आयर्लंडच्या माहितीसंरक्षण आयुक्तांकडे आले. त्यांची कचेरी पोर्टारलिंग्टन या छोट्या गावी, एका किराणा दुकानाशेजारी होती. टीकाकारांना थट्टेस तेवढे पुरले. २०१३ मध्ये माक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन कायदेविद्यार्थ्याने अशी तक्रार केली की, अमेरिकेत धाडलेली माहिती तेथील गुप्तचर यंत्रणांच्या हाती पडते, सबब ती धाडणे थांबवावे. युरोपीय आयोगाच्या २००० सालच्या ‘सेफ हार्बर’ निर्णयाने अमेरिकेतील संरक्षण पुरेसे ठरविले आहे, या आधारावर आयुक्तांनी चौकशीच नाकारली. प्रकरण डब्लिनच्या उच्च न्यायालयातून लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘सेफ हार्बर’ रद्द झाला, ही गोष्ट गाजली. तथापि अधिक महत्त्वाचे तत्त्व निराळेच होते : आयोगाचा निर्णय पुढे करून आयुक्तास चौकशीचे कर्तव्य टाळता येत नाही.

२०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने दंडाची मर्यादा जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत नेली. पुढाकार मात्र मुख्यालयाच्या देशाकडेच ठेवला. ज्या देशाने सौम्य करांनी कंपन्यांस आकर्षून घेतले, त्यानेच त्यांच्यावर बडगा उगारावा, ही अपेक्षा भाबडीच म्हटली पाहिजे. परंतु त्याच नियमावलीत इतर देशांच्या प्राधिकरणांस हरकत घेण्याचा अधिकार होता, व वाद उरल्यास युरोपीय मंडळाचा निर्णय बंधनकारक होता. खरा अंमल या तरतुदीतून घडला. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर आयर्लंडने योजलेला ३ ते ५ कोटी युरोंचा दंड मंडळाच्या आदेशाने २२.५ कोटींवर गेला.

श्रेम्स यांच्या मूळ प्रश्नाचा निकाल याहून लांबला. ‘सेफ हार्बर’च्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ ही व्यवस्थाही २०२० मध्ये न्यायालयाने अवैध ठरविली. अखेर मे २०२३ मध्ये मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीवर १२० कोटी युरोंचा दंड बसला. आयर्लंडच्या मसुद्यात माहिती धाडणे थांबविण्याचा आदेश तेवढा होता. दंड मंडळाने घालावयास लावला. तो आदेश पाळण्यास पाच महिन्यांची मुदत होती. ती संपण्यापूर्वीच, १० जुलै २०२३ रोजी, युरोपीय आयोगाने अमेरिकेकडे माहिती धाडण्याची मुभा देणारा तिसरा निर्णय संमत केला.