खडकवासल्याचे पाणी आणि पुण्यातला उलटा वसंत

#थ्रेड

१/
इंग्लंडमधील बागप्रेमी माणूस मार्च-एप्रिलमध्ये बी पेरतो आणि जूनमध्ये फुले पाहतो. पुण्यातील माणूस तेच बी पावसाळा सरताना पेरतो आणि नाताळाच्या सुमारास फुले पाहतो. एकाच बियाण्याची ही दोन वेळापत्रके कशी झाली आणि त्यात खडकवासल्याच्या धरणाचा वाटा कोणता, याचा हा इतिहास.

२/
प्रथम थंड देशाचे वेळापत्रक पाहू. तेथे बागेचा शत्रू म्हणजे हिमकण. रात्री तापमान शून्याखाली गेले की कोवळ्या रोपाच्या पेशींतले पाणी गोठते आणि रोप मरते. म्हणून हिवाळा संपता संपता वाळलेल्या काड्या काढणे, गुलाबाची छाटणी, वाफे उकरून खत मिसळणे आणि काचेच्या आडोशाला बी रुजवणे एवढीच कामे होतात. शेवटचा हिमकण पडून गेल्यावरच रोपे बाहेर लागतात.

३/
त्या देशांत वसंताची वर्दी देतात ती कंदांची फुले. स्नोड्रॉप, क्रोकस आणि मागोमाग डॅफोडिल. या फुलांची एक अट असते. कंदाला काही आठवडे कडक थंडी मिळाली नाही, तर तो नीट फुलतच नाही.

४/
पुण्याची थंडी तेवढी कडक नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण ११-१२ अंशांपर्यंत उतरते, दुपारी ते ३० च्या आसपास जाते. डॅफोडिलसाठी हे पुरेसे नाही. परंतु पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी, स्वीट पी, ॲस्टर, कार्नेशन यांच्यासाठी हा जवळजवळ इंग्लंडचा उन्हाळाच आहे.

५/
म्हणजे छावणीतील साहेबांच्या बंगल्यांत जो ‘विलायती वसंत’ फुलला, तो वस्तुतः विलायतेतील वसंत आणि उन्हाळा यांची सरमिसळ होता, आणि तो मार्गशीर्ष-पौषात येई. मराठी पंचांगातील वसंत चैत्रात सुरू होतो. तेव्हा ही पाहुणी फुले उन्हाने करपून जात.

६/
वेळापत्रक उलटे करणे सोपे होते. अडचण दुसरीच होती. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या फुलांचा हंगाम सुरू होतो नेमका पाऊस थांबल्यावर. इंग्लंडमध्ये वर्षभर रिमझिमणारा पाऊस जे काम करतो, ते पुण्यात कोणीतरी झारीने करणे भाग होते.

७/
पाण्याचा हा प्रश्न पुण्याला नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणले गेले. ते हौदांत पडे, वाड्यांत जाई, शनिवारवाड्याच्या कारंज्यांना मिळे. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. त्या तळ्यात सारसबाग आणि काठावर हिराबाग उभी राहिली.

८/
पुण्याच्या नकाशावर आजही तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, नातूबाग ही नावे आहेत. तुळस आणि बेल ही दोन नावेच सांगतात की या बागांत देवपूजेला मान होता. मोगरा, जाई, शेवंती, गुलाब ही फुले देवाला, गजऱ्याला आणि अत्तराला लागत. नुसती पाहण्यासाठी फुलांची रांग लावणे ही कल्पना छावणीबरोबर आली.

९/
येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि हारातला निशिगंध ही दोन्ही झाडे मूळची मेक्सिकोची. युरोपीय व्यापाराच्या वाटेने ती भारतात आली आणि देवघरापर्यंत पोहोचली. त्यामुळे ‘विलायती’ आणि ‘आपले’ ही विभागणी फुलांच्या बाबतीत फार काळ टिकत नाही.

१०/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुणे आणि खडकी येथे लष्करी छावण्या वाढल्या, बंगले उठले, बंगल्यांभोवती बागा आल्या. १८५० च्या सुमारास जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या मोठ्या आधाराने मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्यालगतच्या बागेला लोक आजही बंडगार्डन म्हणतात.

११/
तरीही विहिरी, मोटा आणि एक बंधारा यांवर वाढती छावणी आणि शहर भागणे शक्य नव्हते. शिवाय पुण्याच्या पूर्वेचा मुलूख, म्हणजे आजचे दौंड-इंदापूर, अवर्षणाने वारंवार होरपळत होता. शहराच्या पश्चिमेला मात्र सह्याद्रीवर धो धो पाऊस पडून मुठेतून वाहून जात होता. ते पाणी अडवून पूर्वेकडे नेण्याची योजना लष्करी अभियंता फाइफ याने मांडली.

१२/
त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे सिंहगडाच्या छायेतले खडकवासला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. हे दगडी धरण त्या काळी देशातील मोठ्या धरणांपैकी एक होते. जलाशयाला ‘लेक फाइफ’ असे नाव मिळाले. उजवा कालवा पुणे ओलांडून पूर्वेकडे गेला, डावा नदीच्या उत्तरेकडील भागाला मिळाला.

१३/
धरण फुलांसाठी बांधले गेले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. उद्देश होता शेती, शहर आणि छावणी. परंतु ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत वाहते पाणी मिळू लागले आणि फुलांचा हंगामही नेमका त्याच काळातला. वाफे त्या पाण्यावर बहरले.

१४/
त्याच वर्षांत आणखी एक पाणवाट खुली झाली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि विलायतेहून मुंबईचा सागरी प्रवास आफ्रिकेचा वळसा टाळून काही आठवड्यांवर आला. याचा बियाण्यांशी थेट संबंध होता. दमट हवेत बियाण्याची उगवणशक्ती लवकर जाते. पुण्याच्या पावसाळ्यात जपून ठेवलेले बी पुढच्या हंगामात रुजेलच याची खात्री नसे. म्हणून हवाबंद डब्यांतले ताजे बी मागवले जाई.

१५/
पुढे पुण्यातच ही सोय झाली. पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी १८८४ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि हे नाव पुढे देशभरातील बागप्रेमींना परिचित झाले.

१६/
बी आले, पाणी आले. उरले ते ज्ञान. विलायतेतील बागकामाची पुस्तके येथे दिशाभूल करत, कारण त्यांतले महिने चुकीचे ठरत. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी फर्मिंजर या धर्मोपदेशकाने १८६० च्या दशकात मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. पण कलकत्त्याची दमट हवा वेगळी आणि दख्खनचे पठार वेगळे.

१७/
पुण्यात हे काम जॉर्ज मार्शल वुडरो यांनी केले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. हिंदुस्थानातील बागकामावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आंब्याच्या जातींवरही त्यांनी लिहिले.

१८/
या नव्या वेळापत्रकातील कामे अशी असत. पावसाचा जोर ओसरू लागला की उथळ कुंड्यांत चाळलेली माती, वाळू आणि कुजलेल्या पाल्याचे खत भरून बी पेरायचे. परतीच्या पावसाच्या सरीने बारीक बी वाहून जाते, म्हणून कुंड्या पडवीत ठेवायच्या. मुंग्यांपासून बी राखायचे. पाणी झारीच्या बारीक धारेने द्यायचे.

१९/
रोपाला चार-सहा पाने आली की संध्याकाळी, उन्हे उतरल्यावर, ते शेणखत घातलेल्या वाफ्यात लावायचे. पहिले काही दिवस दुपारी सावली करायची. फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा खुडायचा. स्वीट पीला काटक्यांचा आधार, डेलियाला काठी. मोठे फूल हवे असेल तर शेवंतीच्या बाजूच्या कळ्या काढून एकच राखायची. सुकलेली फुले रोज खुडायची. एकदा बी धरले की ही झाडे फुलणे थांबवतात.

२०/
ही कामे साहेब स्वतः क्वचितच करी. ती माळी करत. मुंबई सरकारचा मुक्काम पावसाळ्यात पुण्यात असे आणि थंडीत मुंबईत. म्हणजे गणेशखिंडीच्या गव्हर्नर निवासात बी पेरले जाई तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्यात, आणि वाफे बहरत तेव्हा ते बहुधा मुंबईत. छावणीतील लष्करी कुटुंबे मात्र येथेच राहत आणि त्या फुलांचा आनंद त्यांच्या वाट्याला येई.

२१/
माळ्यांचा उल्लेख आला की या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे नाव समोर येते. जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवण्याच्या कामावरून घराण्याला ‘फुले’ हे नाव मिळाले.

२२/
१८७० च्या दशकात जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत असत. पुण्याजवळील मुठेच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. पेशव्यांना फुले देणाऱ्या घराण्यातील माणसाचा हात पुढे छावणीच्या वाफ्यांना पाणी देणाऱ्या धरणालाही लागला.

२३/
परंतु त्यांची नजर वाफ्यांवर नव्हती. मांजरीस त्यांची स्वतःची शेती होती. १८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात त्यांनी आणि सत्यशोधक सहकाऱ्यांनी उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली होती. पाण्याचा प्रश्न त्यांना कागदावरून कळलेला नव्हता.

२४/
१८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घालण्याची मागणी केली, आणि पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कठोर टीका केली. पाणी अडवले एवढ्याने सरकारचे कर्तव्य संपत नाही, ते शेतकऱ्याच्या पिकापर्यंत रास्त रीतीने पोहोचले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

२५/
या संदर्भात एम्प्रेस गार्डनकडे पाहावे. पूर्वी ती सोल्जर्स गार्डन होती. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचे पद घेतल्यानंतर तिला ‘एम्प्रेस’ हे नाव पडले. मुठेचा उजवा कालवा या बागेजवळून पुढे जातो. तेच पाणी आधी सम्राज्ञीच्या नावाच्या बागेपाशी आणि मग दुष्काळी गावांकडे. फुले आणि भाकरी या दोहोंचा पाट एकच होता.

२६/
स्वातंत्र्यानंतर खडकवासल्याची ओळख बदलली. १९४९ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी झाली. मग १२ जुलै १९६१ चा दिवस उजाडला. पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुराने घरे नेली आणि पाठोपाठ नळही कोरडे पडले. ज्या धरणाने शहराला पाण्याची सवय लावली, त्याची किंमत तेव्हा कळली.

२७/
धरण पुन्हा उभे राहिले. आज खडकवासल्याच्या मागे पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी धरणांची साखळी आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे. शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या आवर्तनाला किती, यावर दरवर्षी वाद होतो. जोतीरावांच्या काळातील प्रश्नाची ही आजची आवृत्ती आहे.

२८/
फुलांची गोष्टही संपलेली नाही. एम्प्रेस गार्डन आजही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. तिची स्थापना १८३० ची. दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, तेथे पुष्पप्रदर्शन भरते. त्या तारखेमागेही तेच उलटे वेळापत्रक आहे, कारण हंगामी फुलांचा बहर तेव्हाच ऐन भरात असतो.

२९/
पुण्यात कोणी गच्चीवर किंवा गॅलरीत गणपती-नवरात्राच्या दिवसांत पिटुनियाचे बी पेरतो, तेव्हा तो नकळत या दीडशे वर्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे वागतो. कुंडीत ओतलेले पाणी बहुधा खडकवासल्याचेच असते. त्या धरणासाठी साहित्य पुरवणाऱ्या माणसाने विचारलेला प्रश्नही त्या पाण्यासोबत येतो, की हे पाणी आणखी कोणाच्या वाट्याचे आहे?

३०/
फेब्रुवारी सरताना कुंडीतली पॅन्झी मान टाकते. त्याच सुमारास डोंगरउतारांवर पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी फुलू लागतात. त्यांना झारी लागत नाही, कालवाही लागत नाही. तो येथला, न उलटलेला वसंत.

(समाप्त)