बॅलास्ट पाण्यावरील प्रक्रिया

माल उतरवून हलके झालेले जहाज डगमगू नये म्हणून तळाच्या व बाजूच्या टाक्यांत भरलेले पाणी म्हणजे बॅलास्ट पाणी. त्यातून प्लवक, अळ्या आणि जीवाणू परक्या बंदरांत पोहोचतात. १९८०च्या दशकात कंगवाधारी जेली ‘निमिऑप्सिस’ अशीच काळ्या समुद्रात शिरली आणि तेथील अँचोव्ही मासेमारी कोलमडली.

पूर्वी भर समुद्रात पाणी बदलणे पुरेसे मानत. खवळलेल्या समुद्रात ते जोखमीचे, शिवाय टाकीच्या तळाचा गाळ तसाच राही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २००४चा करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. त्यानुसार सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १०पेक्षा कमी हवेत. पटकीच्या जंतूंसाठीही मर्यादा आहे.

पाणी घेताना ते सहसा आधी बारीक गाळणीतून जाते. अडकलेला गाळ उलट प्रवाहाने तिथल्या तिथे समुद्रात परत जातो. पुढे अतिनील दिव्यांखालून गेल्यावर जीवांचा डीएनए बिघडतो व प्रजनन थांबते. गढूळ खाडीत हे किरण फार आत पोहोचत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत खाऱ्या पाण्यातूनच विजेने क्लोरीन तयार करतात. मात्र गोड्या पाण्याच्या बंदरात त्यासाठी मीठ कमी पडते. पाणी सोडताना उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटसारख्या रसायनाने निष्प्रभ करावा लागतो.

‘ग्लोबॅलास्ट’ या जागतिक प्रकल्पाच्या सहा प्रात्यक्षिक बंदरांत मुंबईचा समावेश होता.